तुरवड्याचा कोट

खालापूरपासून समुद्र बराच लांब आहे, हे तालुक्याच्या नकाशात स्पष्ट दाखवलेलं असलं तरी मोहियुद्दीन तुरवडकरांनी तो नकाशा कधी मान्य केला नाही. कचेरीसमोरच्या आपल्या किराणा दुकानातल्या बाकाला ते ‘डेक’ म्हणत. गिऱ्हाईक आलं की ‘या, नांगर टाका’ आणि दुपारी कोणी फिरकलंच नाही तर ‘ओहोटी आहे’. ही गोष्ट घडली त्या एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालापर्यंत भरती त्या दुकानानं पाहिलेली नव्हती. जवळचं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पाताळगंगा, आणि तिच्यात म्हशींखेरीज काही तरंगताना कोणाला दिसलं नव्हतं.

या सगळ्या दर्यावर्दीपणाला आधार एकच होता. साखरेच्या पोत्यांच्या वर, समोरच्या भिंतीवर लावलेली एक तसबीर. तीत मोहियुद्दीनचे आजोबा कमालुद्दीन जहाजाच्या सुकाणूवर हात ठेवून उभे होते. मागे खवळलेला समुद्र, डोक्यावर नांगराच्या बिल्ल्याची टोपी, अंगात पितळी बटणांच्या दोन रांगा असलेला काळा कोट. उजव्या रांगेतलं वरून दुसरं बटण तेवढं नव्हतं. ते अरबस्तानच्या वादळात तुटलं, असं मोहियुद्दीन सांगत. कधी ते चाच्यांशी झालेल्या झटापटीत तुटे. गिऱ्हाईक किती वेळ थांबणार आहे, त्यावर ते अवलंबून असे.

कमालुद्दीन तुरवडे बंदराचे. ते गाव खाली किनाऱ्यावर, एका खाडीच्या पलीकडे. तिथून ते खालापूरला का आले, हे कोणाला माहीत नव्हतं. एवढा मोठा कप्तान कुठेही येऊ शकतो, असं समजून आम्ही गप्प होतो.

स्वतः मोहियुद्दीन यांना मात्र एसटी लागे. कर्जतला जायचं झालं तरी खिशात लिंबू आणि मांडीवर कागदी पिशवी. याचंही कारण त्यांच्यापाशी तयार होतं. “आमचं रक्त समुद्राचं. त्याला लाटांची सवय. जमिनीवरचा प्रवास त्याला सोसत नाही.”

“पण कप्तानसाहेब,” बुधाजी एकदा म्हणाला, “आपल्या एसटीला लाटा काय कमी हायत?”

बुधाजी कचेरीत शिपाई होता आणि त्याच्या हाताखाली फक्त एक घंटा असल्यामुळे त्याला विचार करायला वेळ मिळे. दुपारचा चहा तो डेकवर घेई. मोहियुद्दीन यांच्यावर तो हसे खरा, पण त्यांच्याशिवाय त्याचं पानही हलत नसे.

तसबिरीचा खरा त्रास होता तो शहाजादीला. ही मोहियुद्दीन यांची एकुलती मुलगी, मोहोपाड्याच्या शाळेत मास्तरीण. वय सव्वीस. आई लहानपणीच गेलेली. तिला चार स्थळं सांगून आली आणि चारही तसबिरीसमोर उभी राहून परत गेली. पेणचा मिठाचा व्यापारी आला, तेव्हा “मीठ समुद्राचं, पण माणूस गोदामातला” म्हणून नकार. कर्जतच्या मुलाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. “जहाजावर वेळ सूर्यावरून कळते,” एवढं ऐकून तो गेला. कप्तानाची पणती कप्तानाच्या घरातच जाणार होती, आणि खालापूर तालुक्यात कप्तानांची कायमची टंचाई होती.

पाचवं स्थळ शहाजादीनं स्वतःच पाहून ठेवलं होतं. मकसूद मोहोपाड्याच्या एका कारखान्यात फिटर होता आणि शाळेचा पंप बिघडला की यायचा. त्या वर्षी पंप फार बिघडला. पुढे कळलं, मकसूदचं घराणंही मूळ तुरवड्याचंच. शहाजादीला वाटलं, सुटले. पण अब्बांनी पहिला प्रश्न केला, “आजा कोण होता?”

मकसूद सरळ माणूस. म्हणाला, “जहाजावर भंडारी होते.”

भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. मोहियुद्दीन यांनी डोळे मिटले. “आमच्या आजोबांच्या हुकमाखाली असे दहा भंडारी डाळ शिजवत होते,” ते म्हणाले, आणि आतून पाणीसुद्धा न मागवता त्याला निरोप दिला.

त्यावर पंधरा दिवसांनी मकसूदची दादी, हलिमाबी, स्वतः आली. पंचाहत्तरीची, बुटकी, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. एसटीतून उतरून सरळ दुकानात शिरली आणि डेकवर बसली. बुधाजी चहा पीत होता. तो उठायला लागला तर म्हणाली, “बस रं बाबा. लग्नाची बोलनी चार मानसांत व्हावी.”

मग मोहियुद्दीनकडे वळून म्हणाली, “नातू म्हनतो, तुमी नाय म्हनलात. मी ऐकून घ्यायला आले, का नाय म्हनलात ते.”

“तुम्ही वडील माणूस. पण कप्तानाची पणती भंडाऱ्याच्या घरात? लोक काय म्हणतील?”

“काय म्हनतील?”

“म्हणतील, तुरवडकरांचं जहाज बुडालं.”

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. शहाजादी तिथं उभी होती आणि लपण्याची तिची फारशी इच्छा नव्हती.

हलिमाबीनं तसबिरीकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं. “हाच काय तुमचा कप्तान?”

“कप्तान कमालुद्दीन.”

“अस्सं.” तिनं फडकं सोडलं. “माझा इरादा नवता रं बाबा हे काढायचा. ही पोरगीच आमच्या घरी आली तवा हे बघून हसली. मी म्हनलं, हसू नको, आनि बापाला सांगू पन नको. आसं काय दाखवून लगीन लावायचं नसतं. पन तू जहाज बुडवायला निघालास.”

फडक्यात एक तसबीर होती. तीत अठरा वर्षांचा एक सडपातळ पोरगा सुकाणूवर हात ठेवून उभा होता. मागे खवळलेला समुद्र, डोक्यावर नांगराची टोपी, अंगात दोन रांगांचा काळा कोट. उजव्या रांगेतलं वरून दुसरं बटण नव्हतं.

“हा माझा नवरा. याकूब भंडारी.”

बुधाजीनं बशी खाली ठेवली. तो आधी एका तसबिरीजवळ गेला, मग दुसरीजवळ आला. “समुद्र पन तोच हाय,” त्यानं जाहीर केलं. “ही लाट बघा, हितं बी कोपऱ्यात फाटलीया.”

एखादा लेचापेचा माणूस इथं कोसळला असता. मोहियुद्दीन यांना फक्त घाम फुटला. “साहजिक आहे,” ते म्हणाले. “आजोबा फार दयाळू होते. फोटोसाठी त्यांनी आपल्या भंडाऱ्याला कोट घालायला दिला असेल.”

“आनि समुद्र?” बुधाजीनं विचारलं.

“तू गप रे.”

हलिमाबी हसली नाही. “मोहियुद्दीन, तुरवड्यात कोनालाबी विचार.”

“विचारतोच! येत्या रविवारी जाऊ. एका माणसानं जरी सांगितलं की कमालुद्दीन कप्तान नव्हते, तर मी ही मुलगी तुमच्या मकसूदला दिली. आणि होते असं निघालं, तर पुन्हा हे नाव या डेकवर काढायचं नाही. कबूल?”

“कबूल,” आतून आवाज आला. तो हलिमाबीचा नव्हता.

“पन रं,” हलिमाबी जरा चाचरली, “तिकडं जायला होडीत बसावं लागंल. तुला सोसंल काय?”

मोहियुद्दीन यांनी तसबिरीकडे बोट दाखवलं. समुद्राच्या रक्ताला कोणी असलं विचारतं का?

रविवारी आम्ही पाहिलं ते असं: मोहियुद्दीन पांढऱ्या शेरवानीत, काखेत तसबीर. मागे शहाजादी, मकसूद, हलिमाबी, आणि साक्षीदार म्हणून रजा टाकून बुधाजी. रविवारी रजा टाकायची गरज नसते, पण एवढ्या मोठ्या कामाला नुसती सुट्टी त्याला कमी वाटली.

एसटीत अपेक्षेप्रमाणे पेणच्या आधी एकदा आणि पेणनंतर दोनदा गाडी थांबवावी लागली. “जमीन,” मोहियुद्दीन दर वेळी तोंड पुसत सांगत. “समुद्र येऊ दे.”

समुद्र आला. नेमकं सांगायचं तर खाडी आली. रुंदी इतकी की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर तो ‘काय?’ म्हणेल. धाकलू नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची होडी होती. वारा नव्हता. पाणी ताटातल्या वरणासारखं निवांत. मोहियुद्दीन होडीत उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “आलो घरी.”

धाकलूनं वल्हं मारलं.

पुढचं वर्णन शेरवानीच्या दृष्टीनं दुःखद आहे. खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत कप्तानांचे नातू होडीच्या काठावर पोट टेकून पडले होते आणि बुधाजीनं त्यांचे पाय धरले होते. तसबीर शहाजादीनं वेळेवर ओढून घेतली.

“अब्बा, आता जमीन कुठंय?” तिनं विचारलं. विचारायला नको होतं, हे तिला लगेच कळलं. पदरानं ती त्यांचं तोंड पुसू लागली.

धाकलूनं वल्हं न थांबवता मागे पाहिलं. “कंचं घरानं?”

“तुरवडकर,” मकसूद म्हणाला. “खालापूरचे.”

“हां हां. कमालुद्दीनचे!” धाकलू एकदम ओळखीचं हसला. “मंग बरोबर हाय.”

काय बरोबर आहे, ते विचारायची ताकद कोणात नव्हती. निदान ज्यानं विचारायला हवं होतं त्याच्यात नव्हतीच.

तुरवड्यात एक रिवाज होता. गडी पहिल्यांदा आगबोटीवर निघाला की आधी मुंबईत डोंगरीतल्या एका फोटोवाल्याकडे जाई आणि फोटो काढून एक प्रत घरी पाठवी. माणूस चार-पाच वर्षं दिसणार नाही, कदाचित कधीच नाही. पोरांना बापाचा चेहरा माहीत हवा. फोटो आधी पेटीत राही. गडी सुखरूप परतला की तो स्वतः खिळा ठोकून फोटो पडवीत लावी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. नाही परतला, तर घरातल्या बायका तो माजघरात लावत. त्यामुळे तुरवड्यात कोणाच्या घरी गेलं तर आजा कसा गेला, असं विचारावं लागत नसे. कुठल्या खोलीत आहे एवढं पाहिलं की झालं.

हे सगळं हलिमाबीनं चढावावरून चालता चालता सांगितलं. कोटाचं काही सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही.

पहिलं घर सारंगांचं, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचं. पडवीत कोट. आतला माणूस इतका ठेंगणा की कोट गुडघ्यांवर आलेला आणि हाताचे पंजे बाह्यांतच हरवलेले. हा सात वेळा जगाची फेरी करून आला आणि आयुष्यात फक्त मुंबईच्या ट्रामला भ्याला, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. दुसरं घर. पडवीत कोट. आतला माणूस इतका जाडा की बटणं लागली नव्हती आणि मधली फट झाकायला फोटोवाल्यानं त्याच्या हातात दुर्बीण दिली होती. हा आगवाला, तीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा ढकलत होता. फोटोत मात्र त्याचे हात दुधासारखे पांढरे रंगवले होते. म्हातारपणी तो ते हात लोकांना बोटानं दाखवी.

कोळीवाड्यात गोमाच्या घरी कोट होता. त्यानं नांगराची टोपी घालायला नकार दिला होता. आपल्या लाल टोपीवरच तो ठाम, खाली मात्र कप्तान. “बाबा म्हनायचा, कोट त्यांचा, डोकं माझं,” त्याच्या मुलानं सांगितलं.

बुधाजी बोटांवर बटणं मोजत होता. ते वरून दुसरं बटण कुठंच नव्हतं.

मशिदीजवळच्या घरात दोन जुळे भाऊ होते. एकाच दिवशी, एकाच कोटात, एकामागून एक काढलेले दोन फोटो. चेहरे इतके सारखे की फोटोवाल्यानं एकच फोटो दोनदा विकला असावा, अशी बुधाजीला शंका आली. एक फोटो पडवीत होता. दुसरा माजघरात. दोघांची आई शेवटी शेवटी आंधळी झाली, पण चाचपडत आतल्या भिंतीपाशी जाई आणि बरोबर त्यालाच हाक मारी.

तिथं बुधाजीनं मोजणं बंद केलं.

मोहियुद्दीन यांची शेरवानी वाळत आली होती. एवढ्या घरांत त्यांनी एकदाही ‘कप्तान कमालुद्दीन’ म्हटलं नव्हतं. आणि त्यांना पाहून प्रत्येक घरी एकच प्रश्न आला होता: “होडी लागली काय रं बाबा?”

शेवटचं घर टेकडीच्या पायथ्याशी. तिथं कमालुद्दीनच्या भावाची म्हातारी लेक येसूफा राहत होती, हलिमाबीपेक्षाही दोन वर्षांनी मोठी. तिनं मोहियुद्दीन यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. “हुबेहूब! तस्साच हिरवा पडलास!”

पडवीत कमालुद्दीनचा फोटो नव्हता. मोहियुद्दीन दबकत माजघरात डोकावले. तिथंही नव्हता.

“वर बघ,” येसूफा म्हणाली.

पडवी आणि माजघर यांच्या मधल्या दारावर, चौकटीच्या लाकडावर, तो होता. ना या खोलीत, ना त्या खोलीत. तोच कोट, तोच समुद्र, तेच नसलेलं बटण.

“माझी आजी पाच वर्सं तो हातात घिऊन बसली,” येसूफा सांगू लागली. “कमालचाचा आनि ह्या हलिमाचा याकूब एकाच दिसी गेले, एकाच दिसी फोटो काढला. याकूब पोरगा, पन टिकला. कमालचाचाला आगबोट सोसलीच नाय. आरं, बोट हलली पन नवती! गोदीत बांधलेली. दोन दिस वकला, तिसऱ्या दिसी सारंगानं खाली उतरवला. आता गावानं ढोल वाजवून पाठवलेला गडी, परत कसा येनार? शरमला बिचारा. चालत सुटला घाटाकडं. जितं समुद्राचा वास येईना तितं बसला.”

“खालापूर,” बुधाजी हळूच म्हणाला.

“तेच. मग बायको-पोराला बोलावून घेतलं. आमच्या आजीला कोडं पडलं. परत आला म्हनावं तर आला नाय. बुडाला म्हनावं तर बुडाला नाय. शेवटी हितं लावला, दारावर. म्हनली, बसू दे असाच, मधी.”

“आणि कप्तान?” मोहियुद्दीन यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की तो त्यांचाच आहे यावर आमचा विश्वास बसला नसता. “ते स्वतःला कप्तान म्हणत होते...”

“कदी?” येसूफाला नवल वाटलं. “तू ऐकलंस त्याच्या तोंडून?”

मोहियुद्दीन यांनी आठवून पाहिलं. लहानपणी दुकानात लोक तसबिरीकडे बघून विचारत, ‘कप्तान होता काय?’ आणि आजोबा साखर बांधत राहत. हो म्हणत नसत. नाही म्हणत नसत. पुडीची दोरी मात्र जरा जास्त घट्ट आवळत. बाकी सगळं, वादळ आणि चाचे धरून, नातवानं स्वतःच्या हातानं जोडलं होतं.

मकसूद आपल्यामुळेच हे झालं अशा चेहऱ्यानं पडवीच्या कोपऱ्यात उभा होता. शहाजादी दोन्ही हातांनी खालापूरची तसबीर धरून होती. पैज तिनं जिंकली होती, पण बापाकडे पाहून तिला जिंकल्यासारखं वाटेना. “अब्बा,” ती म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. अशानं नको मला.”

हा धोका कोणाच्याच लक्षात आला नव्हता. हलिमाबीनं कपाळाला हात लावला.

तेव्हा बुधाजी बोलला. “कप्तानसाहेब, रागावू नका. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तवा आमच्या अख्ख्या वाडीनं एका दिवसात सगळं जुनं सोडलं. माझा बा सत्तर वर्सांचा व्हता, त्यानं बी सोडलं, आनि दुसऱ्या दिवशी सरळ चालाय लागला. तुमी येक कोट सोडा की. तो बी तुमचा नाय.”

मोहियुद्दीन दारावरच्या आजोबांकडे पाहत राहिले. मग मकसूदकडे वळून म्हणाले, “तुझ्या आजाला जहाजावर काय काय करता येत होतं?”

“डाळ, भात, रोट्या. वादळातसुद्धा रोट्या गोल करायचे, असं दादी सांगते.”

“वादळात,” मोहियुद्दीन म्हणाले. “आमच्या आजोबांना बांधलेल्या बोटीवर नुसतं उभं राहता आलं नाही.” ते थोडे थांबले. “शहाजादी, माझी एकच अट आहे.”

त्यांच्या अटी खालापूरला माहीत होत्या.

“निकाह खालापुरात. वऱ्हाड होडीनं नेणार नाही म्हणजे नाही.”

हलिमाबी पदर तोंडाला लावून हसली ती होडी परत काठाला लागेपर्यंत हसत होती. परतीच्या वाटेवर मोहियुद्दीन पुन्हा काठावर पोट टेकून पडले. धाकलूनं आदरानं विचारलं, “कप्तान, जरा हळू घेऊ?”

“कप्तान म्हणू नकोस रे,” ते पाण्याकडे पाहत म्हणाले, आणि पुढचं बोलणं त्यांना जमलं नाही.

निकाह खालापुरात झाला. शाळेचा पंप त्यानंतर कधी बिघडला नाही. दुकानातल्या तसबिरीनं भिंत सोडली आणि दुकान व घर यांच्या मधल्या दारावर, चौकटीवर जागा घेतली. खिळा मोहियुद्दीन यांनी स्वतः ठोकला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा बुधाजीनं खालून ‘अजून वर, अजून वर’ करून त्यांना शिडीवर गरगरायला लावलं.

नवं गिऱ्हाईक आजही वर बघून विचारतं, “कोण हे? कप्तान होते?”

“माझे आजोबा,” मोहियुद्दीन साखर बांधत सांगतात. “कोट कप्तानाचा आहे.”

आणि पुडीची दोरी जरा जास्त घट्ट आवळतात.